सहीच्या वर काय लिहावे?

सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुक्यात कापड रंगविण्याचे व छापण्याचे कारखाने पुष्कळ आहेत. त्यांत पोटासाठी खानदेशातून आलेले मराठी कामगारही आढळतात. रजेसाठी किंवा भविष्यनिर्वाह निधीसाठी इंग्रजीत अर्ज करण्याची वेळ आली, की मजकूर कसाबसा जमतो; लेखणी अडते ती शेवटी. ‘युवर्स फेथफुली’ लिहावे, ‘सिन्सिअरली’ लिहावे, की ‘ओबीडियंटली’?

इंग्रजांच्या रिवाजात शेवट ठरतो तो मायन्यावरून. आरंभी नुसते ‘डिअर सर’ असेल, म्हणजे पत्र व्यक्तीला नसून पदाला असेल, तर खाली ‘युवर्स फेथफुली’ येते. मायन्यात ‘डिअर मिस्टर पटेल’ असे नाव असेल, तर ‘युवर्स सिन्सिअरली’. अमेरिकेत हा भेद मानीत नाहीत. दुसरा शब्द लहान अक्षराने सुरू करावा. ‘युवर्स’मधील शेवटच्या अक्षरापूर्वी डोक्यावर स्वल्पचिन्ह देण्याची खोड सुशिक्षितांतही आहे, ते तेथे कधीच येत नाही.

‘ओबीडियंटली’चे मूळ मात्र निराळे आहे. मराठी पत्रात ‘तीर्थरूप’, ‘चिरंजीव’, ‘सा. न. वि. वि.’ अशा शब्दांनी वडीलधाकटेपण आरंभीच सांगून होते. इंग्रजी ‘डिअर सर’मध्ये ती सोय नाही, म्हणून राहून गेलेला नमस्कार अर्जदार शेवटी घालू पाहतो. त्यात साहेबी अमदानीतील ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’ या सरकारी साच्याची भर पडली. विद्यार्थ्याने मुख्याध्यापकांस ‘आज्ञाधारक’ लिहावे, ते शोभतेही. परंतु स्वतःच्या पगारातून कापलेली रक्कम मागणाऱ्याने आज्ञाधारकपणाची ग्वाही कशासाठी द्यावी? ‘फेथफुली’त निष्ठेची शपथ नाही, ‘आपला विश्वासू’ म्हणतो तेवढाच त्याचा अर्थ.

गांधीजींनी २ मार्च १९३० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना कायदेभंगाची पूर्वसूचना देणारे पत्र धाडले. मायना होता ‘डिअर फ्रेंड’, आणि सहीच्या वर त्यांनी स्वतःस प्रामाणिक मित्र म्हटले. पत्रात सौजन्य पुरेपूर होते, सेवकपण नव्हते. त्याच महिन्यात निघालेली दांडीयात्रा पुढे सुरतेहून नवसारीकडे याच मुलखातून गेली.

पलसाण्याच्या अर्जदाराला ‘डिअर सर’ आणि ‘युवर्स फेथफुली’ एवढे पुरे. सहीखाली मात्र नाव सुवाच्य अक्षरांत व हजेरी क्रमांक अवश्य लिहावा. कचेरीत अर्ज अडतो तो बहुधा तेथेच.