स्वतःचाच ऑक्सिजन पुरवणारी आग

इंधन, उष्णता आणि ऑक्सिजन एकत्र आल्याशिवाय आग लागत नाही आणि त्यांपैकी एक काढून घेतले की ती विझते, या तत्त्वावर अग्निशमनाचे बहुतेक उपाय उभे आहेत. पेटलेल्या कढईवर झाकण ठेवणे, आगीवर वाळू टाकणे किंवा खोलीचे दार लावून घेणे, या सर्वांचा हेतू हवा तोडणे हाच असतो. ऑक्सिडीकारक रसायनांच्या बाबतीत मात्र हा हेतू साध्य होत नाही. जी रसायने स्वतः न जळताही शेजारच्या पदार्थाला ऑक्सिजन पुरवून त्याचे ज्वलन भडकवतात, त्यांना ऑक्सिडीकारक म्हणतात. खत म्हणून आणि खाणींतील सुरुंगांसाठी वापरले जाणारे अमोनियम नायट्रेट, तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड, पोटॅशियम परमँगनेट आणि गावोगावी विहिरींच्या व टाक्यांच्या पाण्यात टाकली जाणारी टीसीएल पावडर ही त्यांची परिचित उदाहरणे होत.

या फरकाकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, हे अमेरिकेतील टेक्सास सिटी बंदरात १६ एप्रिल १९४७ रोजी दिसून आले. ‘ग्रँडकँप’ या फ्रेंच जहाजाच्या तळकोठारात कागदी पिशव्यांमध्ये भरलेले सुमारे २,३०० टन अमोनियम नायट्रेट होते आणि सकाळी आठच्या सुमारास त्यातून धूर निघू लागला. पाण्याच्या मोठ्या माऱ्याने माल वाया जाईल म्हणून कोठाराची झडपे बंद करून आत वाफ सोडण्यात आली. हवा तोडण्याची ही रीत एरवीच्या मालासाठी ठीक होती. परंतु येथे नायट्रेट स्वतःच ऑक्सिजन पुरवत होते, वाफेमुळे उष्णता वाढत होती आणि बंद कोठारात वायूंचा दाब साचत होता. नारिंगी रंगाचा विलक्षण धूर पाहण्यासाठी धक्क्यावर लोक जमले असतानाच नऊ वाजून बारा मिनिटांनी जहाजाचा स्फोट झाला. किमान ५८१ जण मृत्युमुखी पडले आणि शहराच्या स्वयंसेवी अग्निशमन दलातील २८ पैकी २७ जवान त्यांत होते.

शुद्ध अमोनियम नायट्रेट सहजासहजी पेटत नाही. ते सुमारे १७० अंश सेल्सिअसला वितळते आणि आणखी तापले की त्याचे विघटन होऊन वायू बाहेर पडतात. त्यात तेल, डिझेल, भुसा किंवा कागद यांसारखे ज्वलनशील पदार्थ मिसळले आणि बाहेर पडणाऱ्या वायूंना वाट मिळाली नाही, तर विघटनाचे रूपांतर स्फोटात होण्याचा धोका बळावतो. म्हणून अशा आगीच्या अगदी सुरुवातीला, साठ्यापर्यंत ज्वाळा पोहोचण्यापूर्वी, दुरून भरपूर पाण्याचा मारा करून माल थंड ठेवणे आणि कोंडलेल्या वायूंना वाट मोकळी करून देणे हा प्रशिक्षित दलाचा मार्ग असतो. कोरडी भुकटी किंवा फेस मारणारी उपकरणे येथे निरुपयोगी ठरतात, कारण त्यांचे काम मुख्यतः हवा अडवण्याचे असते. साठाच आगीत सापडला असेल, तर लढण्यापेक्षा माघार घेणे हाच योग्य निर्णय होय. रसायनवाहू टँकर आगीत सापडल्यास चहूबाजूंनी किमान ८०० मीटर परिसर रिकामा करावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे.

माघारीचा हा निर्णय वेळेवर घेता येण्यासाठी आत काय आहे हे ठाऊक असावे लागते. टेक्सासमधील वेस्ट या गावी १७ एप्रिल २०१३ रोजी खताच्या गोदामात, लाकडी कप्प्यांत अमोनियम नायट्रेट साठवलेले असताना आग लागली आणि पहिली वर्दी मिळाल्यापासून सुमारे २० मिनिटांत स्फोट होऊन १५ जण दगावले; त्यांतील १२ जण मदतीसाठी धावलेले होते. बैरूत बंदरात ४ ऑगस्ट २०२० रोजी पाठवलेल्या अग्निशमन पथकाला गोदामात २,७५० टन अमोनियम नायट्रेट पडून असल्याची कल्पनाच दिली गेली नव्हती आणि पथकातील दहाही जण परतले नाहीत.

सामान्य नागरिकाचे काम त्यामुळे विझवण्याचे नसून ओळखण्याचे आणि कळवण्याचे आहे. वाहनावर किंवा पिंपावर टोकावर उभा असलेला पिवळा चौकोन, त्यात वर्तुळावर ज्वाळा आणि खाली ५.१ हा आकडा दिसल्यास तो माल ऑक्सिडीकारक समजावा. शेजारी लिहिलेला चार आकडी क्रमांक रसायनाचे नेमके नाव सांगतो. उदाहरणार्थ, १९४२ हा अमोनियम नायट्रेटचा क्रमांक आहे. वारा ज्या दिशेने येत असेल त्या बाजूला दूर जावे, चित्रीकरणासाठी थांबू नये आणि १०१ किंवा ११२ वर संपर्क साधून दुरूनच वाचता आलेला क्रमांक, ठिकाण व धुराचा रंग सांगावा. तपकिरी किंवा नारिंगी धूर हे विषारी नायट्रोजन डायऑक्साइडचे लक्षण असते.

आग नसतानाही सांडलेले रसायन धोकादायक असते. टीसीएल पावडर सांडल्यावर लाकडाचा भुसा, गोणपाट किंवा तेलकट चिंधी वापरून ती गोळा केल्यास इंधन आपण होऊनच तिच्याजवळ नेल्यासारखे होते. ती ओलसर झाल्यास तापते, आम्ल असलेल्या शौचालय-स्वच्छकाशी तिचा संयोग झाल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि सांडलेली पावडर मूळ पोत्यात परत भरल्यास तिच्यासोबत गेलेला कचरा सबंध पोते बिघडवतो. थोडीशी सांडलेली पावडर स्वच्छ, कोरड्या प्लास्टिकच्या सुपलीने कोरड्या डब्यात घेऊन त्यावर झाकण सैलसर ठेवावे. पोते तापले असेल किंवा त्यातून धूर येत असेल, तर हात न लावता बाहेर पडावे. डोळ्यांत रसायन गेल्यास किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळे धुवावेत आणि १०८ वर रुग्णवाहिका मागवावी. अंगावरचे माखलेले कपडे तत्काळ उतरवून भरपूर पाण्यात बुडवावेत, कारण ते वाळल्यावर अधिक घातक होतात. १९३० च्या दशकात न्यूझीलंडमधील शेतकऱ्यांनी तणनाशक म्हणून सोडियम क्लोरेट फवारले, तेव्हा ते जिरलेल्या त्यांच्या विजारी शेकोटीजवळ वाळताना भडकल्याच्या घटना घडल्या होत्या.

भारतात अमोनियम नायट्रेटच्या साठवणुकीवर २०१२ च्या नियमांनुसार नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे नियंत्रण आहे. परवाना आणि तपासणी आवश्यक आहेतच. तथापि गोदामात काय, किती आणि कोठे ठेवले आहे याची अद्ययावत यादी स्थानिक अग्निशमन केंद्राकडे आधीच पोहोचलेली असेल, तरच जवानांना गाडी किती अंतरावर थांबवायची हे दारापाशी पोहोचण्यापूर्वी ठरवता येते.