पाऊस थांबला तरी तुषार संच सुरू होत नाही? कंट्रोलरमधला दोष असा शोधा

पाच-सहा मिलिमीटरची एक सर येते आणि तुषार संचाचा स्मार्ट कंट्रोलर ओलीत थांबवतो. त्याचे कामच ते आहे. पण पुढचे चार दिवस ऊन तापते, पिशव्यांतली रोपे दुपारी माना टाकतात, आणि स्क्रीनवर छत्रीचे चिन्ह तसेच राहते. अशा वेळी बहुतेक जण कंट्रोलर बिघडला असे समजून दोन गोष्टी करतात: सेन्सरची वायर काढून टाकतात किंवा संच कायमचा हाताने चालवू लागतात. दोन्हीत नुकसान आहे. वायर काढली की भर पावसातही पाणी चालू राहते, आणि हाताने चालवायचे तर कंट्रोलरसाठी खर्च कशाला केला?

बहुतांश तक्रारींत यंत्र ठीक असते. पाणी अडवणाऱ्या दोन-तीन सूचना त्याला वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळालेल्या असतात आणि त्या एकावर एक चढतात. म्हणून दुरुस्तीआधी पाणी नेमके कोण अडवते आहे, हे शोधावे.

आधी एक चाचणी

कंट्रोलरवर 'सेन्सर बायपास'चे बटण किंवा पर्याय असतो. तो चालू करून एक झोन हाताने पाच मिनिटे चालवा. नोझल नेहमीसारखे फिरले तर व्हॉल्व्ह, वायर, पंप, दाब सगळे ठीक आहे. अडथळा पावसाच्या सूचनेत किंवा वेळापत्रकात आहे. बायपासवरही पाणी आले नाही, तर सेन्सरला दोष देऊ नका. वीज, वायर आणि व्हॉल्व्हकडे वळा. ही एक चाचणी अर्धे काम करते. ती झाली की बायपास बंद करायला विसरू नका. तो चालूच राहिला तर पुढच्या मोठ्या पावसात वाफे तुंबतात.

दोन बंधने एकत्र आली की आठवडा कोरडा जातो

नागपूरकरांना जुलै २०१९ आठवत असेल. पावसाने ओढ दिली, तोतलाडोह धरणात मृत साठ्यातून पाणी उचलण्याची वेळ आली, आणि महापालिकेने शहराला एकाआड एक दिवस पाणी देण्याचा निर्णय घेतला. ऐन पावसाळ्यातली ही पाणीकपात होती. पेंचचे हेच पाणी पारशिवनी, रामटेक, मौदा भागातल्या शेतालाही जाते. त्यामुळे धरण रिकामे असले की शहरात नळाचे दिवस ठरतात आणि शेतात कालव्याच्या पाळ्या लांबतात. अशा बंधनासाठी कंट्रोलरमध्ये 'पाणी बंदचे दिवस' टाकायची सोय असते. सोय चांगली आहे, पण ती पावसाच्या विरामाशी कशी भिडते ते उदाहरणाने पाहू.

समजा नंदनवन भागात तुमची फुलझाडांची आणि भाजीपाल्याची छोटी रोपवाटिका आहे. पाणी घेण्याचे दिवस सोमवार, बुधवार, शुक्रवार. संच पहाटे ५ ला सुरू होतो. पाऊस झाला की ४८ तासांचा विराम लावलेला आहे. शुक्रवारी पहाटे पाणी दिले. रविवारी रात्री ६ मिलिमीटर पाऊस पडला, त्यामुळे सोमवारची पाळी गेली. हे बरोबरच झाले. ढगाळ हवेत सेन्सर सोमवारी दुपारी १२ ला कोरडा झाला. इथून ४८ तास मोजले की बुधवारी दुपारचे १२ वाजतात. म्हणजे बुधवारी पहाटे ५ ला विराम अजून सुरूच आहे, आणि तीही पाळी गेली. गुरुवारी विराम नाही, पण गुरुवार बंदचा दिवस आहे. पाणी आले थेट शुक्रवारी. दोन ओलितांमध्ये पूर्ण सात दिवस गेले.

ऑगस्टच्या उघडिपीत ऊन पडले की दिवसाला ४ ते ५ मिलिमीटर पाणी सहज उडते. सात दिवसांचे २८ ते ३५ होतात. पावसाने दिले ६. त्यातलेही पिशवीत किती गेले हा प्रश्नच आहे, कारण दाट पानांवरून बरेच पाणी पिशवीबाहेर ओघळते. इथे कंट्रोलरने एकही चूक केलेली नाही. त्याने दिलेला प्रत्येक नियम पाळला आणि रोपे वाळली.

उपाय सोपा आहे. रोपवाटिकेसाठी पावसानंतरचा विराम शून्य ठेवा, किंवा फार तर २४ तास. सेन्सर सुकायला लागणारा वेळ हा आधीच एक विराम असतो. त्यावर दुसरा चढवायची गरज नसते. वरच्या उदाहरणात २४ तास असते तर विराम मंगळवारी दुपारी संपला असता आणि बुधवारची पाळी वाचली असती. शिवाय पाणी मिळण्याच्या दिवशी संध्याकाळची दुसरी वेळ राखीव म्हणून टाकून ठेवता येते. पहाटेची पाळी झाली असेल तर ती बंद करावी.

'दर दोन दिवसांनी' किंवा 'दर तीन दिवसांनी' असा कार्यक्रम असेल तर आणखी जपावे. अशी पाळी बंदच्या दिवशी आली की काही कंट्रोलर ती पुढच्या दिवशी घेतात, काही सरळ वगळतात. वगळणारा असेल तर तीन दिवसांचे अंतर सहा दिवसांवर जाते. कपात चालू असताना अंतराचा कार्यक्रम न वापरता वार ठरवून द्यावेत.

आणि कपात उठली की बंदचे दिवस काढून टाका. तेवढे एक काम राहून जाते, आणि पुढच्या हंगामात तोच जुना नियम पाणी अडवत बसतो. तुमचे पाणी स्वतःच्या विहिरीचे असेल तर नळाच्या दिवसांचे बंधन कंट्रोलरमध्ये असण्याचे कारणच नाही. संच बसवणाऱ्याने ते टाकले आहे का, पाहून घ्या. उलट नळाचेच पाणी असेल, तर कपातीच्या दिवशी बायपास लावून ते रोपांना देऊ नये. तेच पाणी कुणाच्या तरी घरच्या पिण्याचे असते.

पावसाचा सेन्सर

साध्या सेन्सरमध्ये पाणी शोषून फुगणाऱ्या चकत्या असतात. त्या फुगल्या की आतला स्विच उघडतो आणि व्हॉल्व्हचा प्रवाह तुटतो. सुकल्या की पुन्हा जुळतो. वरचे टोपण फिरवून किती पावसावर थांबायचे ते ठरते. साधारण ३ ते २५ मिलिमीटरपर्यंत खुणा असतात. ३ वर ठेवलेला सेन्सर भुरभुर पावसालाही थांबतो. बाजूला हवेची झडप असलेल्या सेन्सरची झडप जास्त उघडली की चकत्या लवकर सुकतात. श्रावणातल्या दमट हवेत ती पूर्ण उघडी ठेवलेली बरी.

जागा चुकली की सगळे चुकते. आंब्याखाली बसवलेल्या सेन्सरवर पाऊस थांबल्यावरही पाने तासन् तास ठिबकतात. टिनाच्या शेडच्या कडेला लावला तर पन्हाळीचे पाणी त्यावर पडते. आणखी एक गंमत: संच रोज सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटांत आपोआप बंद पडत असेल, तर सेन्सर तुमच्याच नोझलच्या फवाऱ्यात येतो का ते पाहा. संच स्वतःच पाऊस पाडतो आणि स्वतःच थांबतो. सेन्सर उघड्या आभाळाखाली, उन्हात, फवाऱ्याच्या बाहेर हवा.

छोट्या हलत्या पात्राचे पर्जन्यमापक असेल तर दोष वेगळे असतात: कोळ्याचे जाळे, पक्ष्यांची विष्ठा, नरसाळ्यात अडकलेले पान. ते साफ करून पाणी ओतून तपासता येते. १६ सेंटिमीटर व्यासाच्या नरसाळ्यात १०० मिलिलिटर पाणी म्हणजे जवळपास ५ मिलिमीटर पाऊस. हे पाणी दहा मिनिटांत थेंब थेंब सोडा, ०.२ मिलिमीटरचे पात्र असेल तर सुमारे २५ वेळा उलटायला हवे. भसकन ओतले तर मोजणी कमी येते आणि चांगले यंत्रही खराब ठरते.

संच उलटा वागत असेल तर

पावसात चालू आणि उन्हात बंद, अशी तक्रार आली की सेन्सरच्या प्रकाराची सेटिंग उलटी असते. सेन्सर 'सामान्यतः बंद' की 'सामान्यतः उघडा' संपर्काचा, हे त्याच्या पत्रकावर लिहिलेले असते. कंट्रोलरमध्ये तेच निवडा. नुसते पावसातच न थांबणे म्हणजे बायपास चालू राहिला किंवा टोपण २५ मिलिमीटरवर गेले. हा दोष कोरडेपणाइतकाच महागात पडतो. रोपवाटिकेत मर येते, सोयाबीन पिवळे पडते, आणि संत्र्याच्या बागेत खोडाशी पाणी साचत राहिले तर मूळकूज आणि डिंक्याला वाट मिळते.

अंदाजावर चालणारे कंट्रोलर

इंटरनेटवरून हवामान घेणारा कंट्रोलर कोणत्या जागेचे हवामान घेतो, हे सर्वांत आधी पाहा. नोंदणी विक्रेत्याच्या दुकानातून झाली असेल तर ठिकाण दुकानाचे असू शकते. नंदनवन पूर्व नागपुरात. सोनेगाव विमानतळ शहराच्या दुसऱ्या अंगाला, दक्षिण-पश्चिमेकडे. जून आणि सप्टेंबरच्या गडगडाटी पावसात एका बाजूला रस्ते वाहतात आणि दुसऱ्या बाजूला धूळही बसत नाही. कंट्रोलरच्या नकाशावर खूण थेट तुमच्या वावरावर ठेवा. गावाकडे महावेधची स्वयंचलित केंद्रे महसूल मंडळनिहाय आहेत. ताडून पाहायला त्यांची नोंद उपयोगी पडते, पण मंडळ मोठे असते.

दुसरे, 'पावसाची शक्यता आहे' एवढ्यावर पाळी रद्द करू देऊ नका. भारी जमिनीतल्या पिकाला एक दिवस थांबल्याने फरक पडत नाही, तिथे अंदाज चालतो. पिशवीतल्या किंवा ट्रेमधल्या रोपांसाठी पडलेला पाऊसच मोजावा.

तिसरे, एका झटक्यात पडलेला पाऊस. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. आठवड्याचा एकूण पाऊस मोजणारा कंट्रोलर हे शंभरही मातीत मुरले असे धरतो. खरे तर त्यातले बरेचसे वाहून जाते. म्हणून एका दिवसाचा धरायचा जास्तीत जास्त पाऊस ठरवून देण्याची सोय असेल तर ती वापरा. मर्यादा जमिनीवर ठरते. भारी काळी जमीन एक मीटर खोलीत पिकाला वापरता येईल असे साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरते. मुरमाड जमीन त्याच्या कितीतरी खाली. पिशवी तर एक-दोन दिवसांपुरतेच. कंट्रोलरमध्ये मातीचा प्रकार 'चिकणमाती' निवडून पिशव्यांना पाणी दिले, तर तो आठवडाभर निवांत बसेल.

स्वतःचे माप हवेच

सरळ कडांचा एक डबा उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी ८.३० ला पट्टीने पाणी मोजून लिहा. हवामान खाते दिवसाचा पाऊस याच वेळी मोजते. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला १ लिटर, एकराला सुमारे ४,००० लिटर. असेच सहा-आठ डबे नोझलमध्ये पसरून संच अर्धा तास चालवा, सरासरी खोली काढा आणि दुप्पट करा. ताशी किती पाणी पडते ते कळते. मग सोयाबीन फुलोऱ्यात असताना पावसाचा खंड पडला आणि २० मिलिमीटर द्यायचे ठरले, तर ताशी १० मिलिमीटरच्या संचाला दोन तास लागतील, हा हिशेब करायला कंट्रोलर लागत नाही.

बायपासवरही पाणी येत नसेल

शेतात बहुतेकदा दोष विजेच्या वेळेचा असतो. कार्यक्रम पहाटे ५ चा, आणि या आठवड्यात थ्री फेज वीज येते सकाळी ९ ला. कंट्रोलरने व्हॉल्व्ह उघडले, पंप मात्र बंद. नोंदीत पाळी 'पूर्ण'. फिडरचे वेळापत्रक बदलले की कार्यक्रमाची वेळ बदलावी. बॅकअप बॅटरी संपल्यास वीज गेल्यावर घड्याळ मागे पडते, तेही पाहावे.

नंतर मल्टिमीटर. झोन चालू करून व्हॉल्व्हच्या वायरवर २४ व्होल्टच्या आसपास एसी दाब यायला हवा. दाब येतो पण व्हॉल्व्ह उघडत नाही, तर वायर सोडून कॉइलचा रोध मोजा. २४ व्होल्ट एसीच्या कॉइलचा तो साधारण २० ते ६० ओहम असतो. आकडा आलाच नाही तर कॉइल जळाली. शून्याजवळ आला तर शॉर्ट आहे, ती आधी काढा, नाहीतर ट्रान्सफॉर्मरही जाईल. बॅटरीवर चालणाऱ्या कॉइलला हे आकडे लागू नाहीत.

विस्तार कर्मचाऱ्यांनी भेटीच्या वेळी पाच नोंदी घेतल्या तर दोष तिथेच सापडतो: शेवटचे पाणी कोणत्या तारखेला, त्यानंतर डब्यात मोजलेला पाऊस, पावसाचा विराम किती तासांचा, बंदचे दिवस कोणते, आणि कंट्रोलरमध्ये निवडलेली माती. यंत्र सेवा केंद्रात पाठवायचेच झाले तर स्क्रीनचे फोटो काढून ठेवा. तिथे सगळे सेटिंग मूळ स्थितीत आणतात आणि अडचण काय होती ते मागे उरत नाही. यंत्र परत येईपर्यंत रोपांना दुपारी चारनंतर हाताने पाणी द्या, पण आधी पिशवीत बोट खुपसून पाहा.