देवास-धारची सहल आणि फोटोच्या पाठीमागची ओळ



गेल्या वर्षी शाळेच्या जुन्या कपाटातून पत्र्याची एक पेटी निघाली. तीत पूर्वीच्या सहलींचे साठ-सत्तर फोटो होते. त्यांचे प्रदर्शन मांडावे असे ठरले आणि आम्ही मोठ्या उत्साहाने एकेक फोटो उलटून पाहू लागलो. मागची बाजू कोरी! एका फोटोत कोरीव लाकडी चौकटीचे भले मोठे दार आहे, पुढे दहा-बारा मुले ओळीने उभी आहेत. दार कोणत्या गावचे, कोणत्या वाड्याचे, कोणालाच सांगता आले नाही. एका माजी विद्यार्थिनीने त्या ओळीतला आपला भाऊ ओळखला. ते आता हयात नाहीत. त्यांनाच विचारायला हवे होते आणि वेळेवर विचारले नाही, ही चूक शाळेची, म्हणजे आमचीच.

म्हणून या डिसेंबरात नववीच्या वर्गाची सहल आम्ही फोटो काढण्यासाठीच नेली. ठिकाणे जवळचीच, देवास आणि धार. दोन्ही पवार घराण्याच्या राजधान्या, आणि आपण इंदूरकर त्यांच्या बरोबर मधोमध राहतो. दोन मुलांमागे एक फोन आणि एक वही. एकाने फोटो काढायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे लिहायचे. लिहिण्याचे काम कोणाला नको होते, हे सांगायला नकोच.

सकाळी 6 वाजता बस निघाली. देवासला माताजीच्या टेकरीवर चढलो तेव्हा ऊन कोवळे होते. वर तुळजाभवानी आणि चामुंडा अशी दोन देवीस्थाने आहेत. लोक त्यांना मोठी माता आणि छोटी माता म्हणतात. फोटोच्या दृष्टीने पहिला धडा येथेच मिळाला. सूर्य समोर ठेवून फोटो काढला की शिखर काळे ठिक्कर येते, तोच सूर्य आपल्या पाठीशी किंवा बाजूला घेतला की कोरीव काम उठून दिसते. सकाळी इमारतीची पूर्वेकडची बाजू काढावी, पश्चिमेकडची दुपारनंतर. एवढे कळले की निम्मे काम झाले.

पण देवासला खरी गंमत टेकरीखाली होती. तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंनी 18व्या शतकात येथे राज्य स्थापले आणि पुढे त्याच्या थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन शाखा झाल्या. गाव मात्र एकच! 1841 नंतर दोन्ही शाखांचा कारभार वेगळा झाला आणि मुख्य रस्त्याची एक बाजू एका राज्यात तर दुसरी दुसऱ्या राज्यात गेली. पाण्याची आणि दिव्यांची व्यवस्थासुद्धा दोन्ही बाजूंना निरनिराळी होती. 1948 साली दोन्ही राज्ये मध्य भारतात विलीन झाली. ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज लेखक 1921 साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी सचिव होते. त्यांचे या दरबारावरचे पुस्तक 1953 साली निघाले.

आता या सीमेचा फोटो कसा काढावा? रस्त्यावर दुकाने आहेत, हातगाड्या आहेत, गरमागरम पोह्यांच्या कढया आहेत, सीमा कोठेही दिसत नाही. मुलांनी रस्त्याचे दहा फोटो काढले आणि दहाही कोणत्याही गावचे वाटावेत असे आले. मग एका जोडीने वहीत लिहिले, ‘या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पूर्वी दोन राज्ये होती. आम्ही मधोमध उभे आहोत.’ त्या दिवसाचा सर्वांत चांगला फोटो आम्ही तोच मानतो, आणि त्यातले चांगले काय ते फोटोत नाही, ओळीत आहे.

पं. कुमार गंधर्व 1948 साली क्षयाच्या आजारात हवापालटासाठी देवासला आले आणि 1992 साली निधन होईपर्यंत येथलेच झाले. त्यांचे घर टेकरीच्या पायथ्याजवळ आहे. मुलांना तेथेही फोटो हवा होता, पण घर म्हणजे स्मारक नव्हे. परवानगी न घेता कोणाच्या दारा-खिडक्यांचे फोटो काढू नयेत, म्हणून फोन खिशात ठेवायला सांगितले. थोडी नाराजी झाली.

जेवणाचे डबे बसमध्येच संपवून दुपारी धारला पोहोचलो. धारचा किल्ला लाल दगडाचा, 14व्या शतकातला. पुण्यातल्या भाऊबंदकीच्या धामधुमीत राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंनी या किल्ल्याचा आसरा घेतला आणि जानेवारी 1775 मध्ये दुसरे बाजीराव येथे जन्मले. शेवटचा पेशवा आपल्या माळव्यात जन्मला हे अर्ध्या वर्गाला ठाऊक नव्हते. पुस्तकात आहे, पण पुस्तकात किल्ला दिसत नाही ना! येथे तटाखाली उभे राहून फोन वर केला की भिंती मागे पडल्यासारख्या येतात. त्यासाठी दूर जावे, फोन सरळ धरावा. आणि कोणाला तरी तटाशी उभे करावे, म्हणजे उंचीचा अंदाज येतो.

नंतर लाट मशीद. ही 1405 साली दिलावर खानाने बांधली. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे लाट म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे खांबच येतो. एका विद्यार्थिनीने मात्र विचारले, “सर, इथे समुद्र कुठे होता?” सगळे हसले, पण मराठी मुलीचा प्रश्न बरोबरच होता. मशिदीबाहेर लोखंडी खांबाचे तीन तुकडे आहेत, त्यावरून हे नाव. सर्वांत मोठा तुकडा 7 मीटरहून लांब, तिन्ही मिळून 13 मीटरहून जास्त. हा खांब परमार राजा भोजाच्या काळचा मानतात. टोकाशी उभे राहून फोटो काढला तर एवढा खांब वीतभर दिसतो, म्हणून बाजूने, लांबून काढावा. मग जवळ जाऊन पृष्ठभागाचा एक. दूरचा, मधला आणि जवळचा असे तीन फोटो प्रत्येक ठिकाणी हवेतच.

परत आल्यावरचे काम पालकांसाठी सांगतो. फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की लहान होतो, आणि तो कधी, कोठे काढला ही फोनने नोंदवलेली माहिती गळून पडते. म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा किंवा पेनड्राइव्हवर द्यावा. फोन बिघडला की त्यातले सर्व जाते, तेव्हा निवडक फोटो छापून घ्यावेत. मागे मऊ पेन्सिलीने लिहावे, बॉलपेनने नव्हे, कारण त्याचा दाब पुढून उमटतो आणि शाई दुसऱ्या फोटोला लागते. गाव, जागा, तारीख, कोणत्या दिशेला तोंड करून काढला, फोटोतल्यांची नावे, आणि माहिती कोणी सांगितली. आमच्या वह्यांत तारीख सर्वांनी लिहिली, दिशा फक्त चौघांनी.

छापलेले फोटो ओळींसह वाचनालयाच्या भिंतीवर लावले आहेत. शेजारी त्या लाकडी दाराचा जुना फोटोही लावला आहे. आजी-आजोबांना घेऊन अवश्य या. दार कोठले ते कोणाला आठवले, किंवा त्या ओळीतले एखादे मूल जरी ओळखू आले, तरी कार्यालयात सांगावे. पेन्सिल तेथेच ठेवली आहे.

आपले,
मुख्याध्यापक