शिकाऊ उमेदवार : ना नोकर, ना नुसता विद्यार्थी

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा जुना राजमार्ग आणि पुण्याचा रस्ता जेथे एकमेकांस येऊन मिळतात, त्या नाशिकच्या द्वारका चौकात सकाळच्या प्रहरी जो मनुष्यसमुदाय आपापल्या कारखान्याच्या बसची वाट पाहत ताटकळत असतो, त्यातील कोण सातपूर-अंबडला जाणार, कोण ओझरच्या विमान कारखान्याकडे आणि कोण नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्याकडे वा त्याही पलीकडे सिन्नरला, हे सरावलेल्या डोळ्यांस सहज ओळखता येते. परंतु त्याच गर्दीत जे तरुण डब्याबरोबर महाविद्यालयाची वहीही पिशवीत घालून उभे असतात, त्यांची गणना कोणत्या वर्गात करावी याविषयी मात्र त्यांचे आईबाप, त्यांचे प्राध्यापक, क्वचित त्यांचे अधिकारी आणि पुष्कळदा ते स्वतः यांच्यामध्येही एकवाक्यता नसते. ‘पोरगं कंपनीत लागलं’ असे घरची मंडळी कौतुकाने सांगतात, ‘फुकट राबवून घेतात हो’ असे शेजारी हळहळून म्हणतात, आणि ‘अभ्यास बुडाला’ असा शेरा महाविद्यालयातून ऐकू येतो. ही तिन्ही विधाने एकाच मुलाविषयी केली जातात आणि बहुधा तिन्ही चुकीची असतात.

पदवीचे शिक्षण चालू असतानाच विद्यार्थ्याने आपल्या विषयाशी संबंधित काम वेतन घेऊन करावे, आणि त्या कामाची गणना शिक्षणातच व्हावी, ही कल्पना आजकालची नव्हे. अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी 1906 साली 27 विद्यार्थ्यांना घेऊन तिचा आरंभ केला; विद्यार्थ्याने काही काळ वर्गात शिकावे, काही काळ कारखान्यात काम करावे आणि पुन्हा वर्गात परतावे, अशी ती योजना होती. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठ तर 1957 साली या पद्धतीच्या पायावरच उभे राहिले. आपल्याकडे याच हेतूला कायद्याचे अधिष्ठान मिळाले ते 1961 च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने. त्या कायद्याची कलमे वाचण्याची तसदी मात्र फार थोडे लोक घेतात, आणि बहुतेक गैरसमज या आळसातूनच उपजले आहेत.

महाराष्ट्रात पहिला घोटाळा होतो तो ‘कमवा आणि शिका’ या योजनेशी. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेने, आणि विशेषतः 1947 साली साताऱ्यास सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयाने, निर्धन मुलाने श्रम करून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवावा हा दंडक इतका दृढ केला की पुढे विद्यापीठांनीही तो उचलला, आणि आज नाशिकच्या महाविद्यालयांतही ग्रंथालयात, बागेत वा कार्यालयात तासाच्या हिशेबाने काम करणारी मुले दिसतात. ही योजना थोर आहे. पण तिचे प्रयोजन निराळे आहे. बागेला पाणी घालणारा रसायनशास्त्राचा विद्यार्थी त्या पाण्यातून रसायनशास्त्र शिकत नाही, आणि त्याने शिकावे अशी अपेक्षाही तेथे नाही. शिकाऊ उमेदवारीत श्रम हा शुल्क भरण्याचा उपाय नसून तो अभ्यासक्रमाचाच एक भाग असतो. म्हणून सधन घरच्या मुलाने ती केली तर कोणा गरिबाचा घास हिरावला असे होत नाही, आणि गरीब घरच्या मुलाने केली तर त्यात उपकाराचा काही प्रश्न येत नाही.

दुसरा समज असा की ही गोष्ट केवळ आयटीआयच्या मुलांची, फार तर अभियांत्रिकीची. कला आणि वाणिज्य शाखांचा तिच्याशी काय संबंध? या समजाला एके काळी आधार होता हे मान्य केले पाहिजे, कारण मूळ कायदा कारागिरांच्या व्यवसायांपुरताच होता. 1973 च्या दुरुस्तीने त्यात अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक आले, आणि 2014 च्या दुरुस्तीने बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांनाही दार उघडले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने 2020 मध्ये, आणि पुन्हा 2025 मध्ये, शिकाऊ उमेदवारी अंतर्भूत असलेल्या पदवी-अभ्यासक्रमांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार तीन वर्षांच्या पदवीतील एक ते तीन सत्रे आस्थापनेत घालवता येतात, मग ती पदवी वाणिज्याची असो वा विज्ञानाची. तेव्हा सिन्नरच्या कारखान्यात लेथपाशी उभा असलेला मुलगा आणि त्याच कारखान्याच्या हिशेब-खात्यात बसलेली बी.कॉम.ची मुलगी, हे दोघेही कायद्याच्या दृष्टीने एकाच कोटीत बसू शकतात.

‘वर्ष वाया गेले’ या तक्रारीचेही उत्तर येथेच मिळते. आस्थापनेतील सत्रांना श्रेयांक असतात, ते गुणपत्रकात नोंदले जातात, आणि पदवीची मुदत त्यामुळे लांबत नाही. मात्र येथे एक सावधगिरी हवी. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातील पदवी-अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कार्य-प्रशिक्षण म्हणून जे थोडे श्रेयांक ठेवले आहेत, ते मिळवण्यासाठी विद्यार्थी काही आठवडे कोठेतरी जाऊन येतात. त्यात विद्यावेतनाची हमी नाही आणि 1961 च्या कायद्याखालील करारही नाही. दोन्ही गोष्टींना लोक सरसकट ‘इंटर्नशिप’ म्हणतात आणि मग एकीचे हक्क दुसरीत शोधून निराश होतात. त्याचप्रमाणे 2024 साली राज्य सरकारने सुरू केलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, जिच्यात बारावी उत्तीर्णास दरमहा 6,000, पदविकाधारकास 8,000 आणि पदवीधरास 10,000 रुपये ठरवले गेले, ती शिक्षण संपलेल्यांसाठी आहे. ज्याचे शिक्षण चालू आहे त्याने तिच्याकडे पाहण्यात अर्थ नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू, कारण तो निराधार नाही आणि म्हणूनच त्याचा विचार जरा सविस्तर केला पाहिजे. उद्योगपतींना स्वस्त मजूर हवे असतात, विद्यार्थी म्हणजे ना संघटना ना तक्रार, तेव्हा हा सारा खटाटोप वेठबिगारीस प्रशिक्षणाचा मुलामा देण्याचा आहे, असे अंबडच्या चहाच्या टपरीवर ऐकू येते तसेच सुशिक्षितांच्या दिवाणखान्यातही. कायदा काय म्हणतो? ज्या आस्थापनेत 30 वा त्याहून अधिक माणसे आहेत तिने शिकाऊ उमेदवार घेणे 2019 पासून बंधनकारक आहे, आणि त्यांचे प्रमाण एकूण मनुष्यबळाच्या अडीच टक्क्यांहून कमी वा पंधरा टक्क्यांहून अधिक असता कामा नये. म्हणजे कायम कामगारांना घरी बसवून सगळा कारखाना शिकाऊंवर चालवावा ही वाट कायद्याने बंद केली आहे. उमेदवाराशी लेखी करार झाला पाहिजे आणि तो सरकारदरबारी नोंदवला गेला पाहिजे. 2019 च्या नियमांनी विद्यावेतनाची किमान पायरी शिक्षणानुसार दरमहा 5,000 ते 9,000 रुपये ठरवली, त्यांतील वरची पायरी पदवीधरांची व पदवीच्या विद्यार्थ्यांची. आणि केंद्राच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेत पदवीधरांच्या बाबतीत या किमान रकमेचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते. मे 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने या दरांत 36 टक्के वाढीची शिफारस केली, यावरून आधीचे दर अपुरे आहेत हे सरकारलाही उमगले होते असे समजण्यास हरकत नाही.

पण पैशाहूनही बोलकी आहेत ती या कायद्यातील निषेधाची कलमे, आणि ती वाचताना कायदा रचणाऱ्यांना मालकाचा मोह किती नेमका ठाऊक होता याचे कौतुक वाटते. शिकाऊ उमेदवाराला नगावर मोबदला देता येत नाही, आणि उत्पादन वाढवल्यास बक्षीस देण्याच्या योजनेतही त्याला ओढता येत नाही. कारण नगांची संख्या मोजू लागले की शिकणे संपते. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीवाचून त्याला जादा वेळ थांबवता येत नाही. त्याच्या प्रशिक्षणाशी संबंध नसलेल्या कामावर त्याला लावणे हा दंडनीय अपराध आहे. साहेबांच्या गाडीची धूळ पुसणे वा गोदामात खोकी मोजत बसणे यांचा समावेश यात निःसंशय होतो. कारखान्यातील आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याण यांविषयीच्या तरतुदी त्याला लागू असतात, आणि कामावर इजा झाली तर कामगाराप्रमाणेच नुकसानभरपाई देण्याची जबाबदारी मालकावर असते.

असे असूनही तक्रार उरतेच, आणि ती का उरते हे सांगितल्यावाचून वस्तुस्थिती पुरी होत नाही. ठरल्या संख्येहून कमी उमेदवार घेणाऱ्या मालकास दंड आहे तो प्रत्येक रिकाम्या जागेमागे दरमहा 500 रुपये, आणि तीन महिन्यांनंतर 1,000 रुपये. मोठ्या कारखान्याला ही रक्कम सुपारीइतकीही जड नाही. 2014 पूर्वी या कायद्यात कैदेची तरतूद होती, ती काढून टाकली गेली, आणि ते काही अंशी इष्टही होते, कारण फौजदारीच्या धाकाने लहान कारखानदार या भानगडीतच पडत नसत. तथापि कैद गेली आणि दंड नाममात्र राहिला, यातून देखरेखीचा सारा भार अखेर उमेदवाराच्या व त्याच्या महाविद्यालयाच्या जागरूकतेवर येऊन पडला आहे. ज्या महाविद्यालयाचे प्राध्यापक सत्रातून एकदाही कारखान्यात पाऊल टाकत नाहीत, त्यांच्या विद्यार्थ्याला पॅकिंगच्या पट्ट्यावर उभे केले गेले तर दोष केवळ मालकाचा म्हणता येईल काय? माझ्या मते नाही.

शिकाऊ उमेदवार हा कायद्याने ‘कामगार’ नाही, तो प्रशिक्षणार्थी आहे, ही अठराव्या कलमातील घोषणा पुष्कळांना जाचक वाटते. तिच्यामुळे त्याच्या विद्यावेतनातून भविष्यनिर्वाह निधीची कपात होत नाही, तो कामगार राज्य विम्याच्या कक्षेत येत नाही, आणि कामगारविषयक कायदे त्याला सर्वसाधारणपणे लागू होत नाहीत. पहिल्या महिन्याची रक्कम हाती आल्यावर ‘पीएफ का कापला नाही’ म्हणून जे बाप कंपनीच्या दारात जाब विचारायला येतात, त्यांना हे कोणी तरी शांतपणे समजावून सांगितले पाहिजे. ज्या कलमाने हे हक्क दिले नाहीत, त्याच कलमाच्या बळावर उमेदवार उत्पादनाच्या सक्तीतून मोकळा राहतो. कायद्याने त्याला नोकर आणि विद्यार्थी यांच्यामधली एक तिसरी पायरी दिली आहे, आणि तिच्यावर उभे असताना खालच्या व वरच्या अशा दोन्ही पायऱ्यांचे लाभ एकदम मागता येत नाहीत.

राहता राहिला प्रश्न कायम होण्याचा, जो द्वारकेवरून घरी परतणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आठवड्यातून निदान एकदा तरी विचारला जातो. कायद्याचे बाविसावे कलम या बाबतीत निःसंदिग्ध आहे : करारात तशी अट नसेल तर मुदत संपल्यावर नोकरी देण्यास मालक बांधलेला नाही, आणि ती स्वीकारण्यास उमेदवारही बांधलेला नाही; मात्र उमेदवारांना सामावून घेण्याविषयीचे आपले धोरण प्रत्येक मालकाने ठरवले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या प्रकरणात असे म्हटले की इतर गोष्टी समान असतील तर प्रशिक्षित उमेदवाराला थेट भरतीतील उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावे, त्याचे नाव सेवायोजन कार्यालयाकडून येण्याची अट लावू नये, आणि वयाच्या अटीत सेवानियमांनुसार सवलत द्यावी. हे प्राधान्य आहे, हमी नव्हे, आणि ते मागायचे असेल तर प्रशिक्षण पुरे केल्याचे प्रमाणपत्र हाती असावे लागते. जे उमेदवार नवव्या महिन्यात कंटाळून घरी बसतात, त्यांच्या हाती हे कागदाचे बळही राहत नाही.

म्हणून सही करण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न ‘किती देणार’ आणि ‘कायम करणार का’ हे नव्हेत, निदान पहिले नव्हेत. करार नोंदला गेला आहे काय, मुदत किती, कोणत्या महिन्यात कोणत्या विभागात काय शिकवले जाणार, महाविद्यालयातर्फे पाहणीस कोण येणार, आणि श्रेयांक किती मिळणार, हे लेखी मिळाले तर पुढच्या बहुतेक कटकटी टळतात. मालकाने करारातील अटी पाळल्या नाहीत आणि त्यामुळे करार संपुष्टात आला, तर शेवटी मिळालेल्या दराने तीन महिन्यांचे विद्यावेतन भरपाई म्हणून देणे त्याला भाग आहे. उभयतांत वाद उत्पन्न झाल्यास निर्णय शिकाऊ उमेदवारी सल्लागाराचा. पदवीधरांपुरते महाराष्ट्रासाठी हे काम मुंबईत शीव येथे असलेले पश्चिम विभागीय प्रशिक्षण मंडळ पाहते, आणि तेथील निर्णय मान्य नसेल तर 30 दिवसांच्या आत शिकाऊ उमेदवारी परिषदेकडे अपील करता येते.