कनवटीचा खुर्दा

कार्तिकी एकादशी जवळ आली की आपल्या इंदुरातील जुन्या मराठी वाड्यांतून एखाददुसऱ्या घरी तरी नर्मदापरिक्रमेची बोलणी सुरू होतात. कुणी कांबळे बाहेर काढून उन्हात टाकतो, कुणी कमंडलू घासून ठेवतो, कुणी आधी जाऊन आलेल्या आप्ताकडे मुक्कामांची यादी उतरून घेण्यास जातो. काठी कोणत्या लाकडाची असावी यावर तास तास चर्चा चालते. परंतु बरोबर पैसे किती आणि कोणत्या रूपात घ्यावे हा विषय निघाला की मंडळी किंचित संकोचतात. माईच्या भरवशावर निघालेल्या माणसाने गाठीच्या पैशाचा विचार करावा, हे त्यांना कमीपणाचे वाटते. प्रस्तुत लेखकासही तसेच वाटत होते. पुढे वाटेने जे शिकविले, ते सांगण्यासाठी हा प्रपंच.

नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. तिला उजव्या हातास ठेवून, तिचे पात्र कोठेही न ओलांडता दोन्ही तीर चालावयाचे, म्हणजे अडीच हजार किलोमीटरांहून अधिक मजल झाली. परंपरेने तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस सांगितले आहेत. चातुर्मासात एका जागी मुक्काम करावयाचा. संग्रह करू नये, हा परिक्रमेचा जुना दंडक. काठावरच्या गावांतून आणि आश्रमांतून परकम्मावासीला सदाव्रत मिळते. कोठे शिजवलेले अन्न, कोठे पीठ, डाळ, मीठ असा कोरडा शिधा. तेव्हा पोटासाठी पैसा लागत नाही म्हटले तरी चालेल.

मग तो लागतो कोठे? आरंभी मुंडन करणाऱ्या न्हाव्याला लागतो. तुटलेला अंगठा शिवून देणाऱ्या चांभाराला लागतो. कुमारिकांचे पूजन केले की त्यांच्या हातावर दक्षिणा ठेवावी लागते. संगमासंगमावर माईला नाणे वाहण्याची चाल आहे. दुपारच्या उन्हात टपरी दिसली की चहा सुटत नाही. रेवा समुद्रास मिळते तेथे विमलेश्वराहून नावेने पलीकडे मिठी तलाईस जावयाचे, त्या नावेचे भाडे असते. यांतील एक नाव सोडली तर सारे खर्च रुपया, दोन रुपये, पाच रुपयांचे. नोटेचे काम क्वचित, खुर्द्याचे रोज.

आपल्या पूर्वजांना ही अडचण अधिकच होती. त्या काळी हा तीर होळकरांच्या, शिंद्यांच्या, बडवाणीच्या, राजपिपळ्याच्या, गायकवाडांच्या आणि इंग्रजांच्या मुलखातून जाई. महेश्वरच्या टाकसाळीतील रुपयावर शिवलिंग आणि बेलपान असे, इंदूरच्या रुपयावर सूर्याचे मुख. बडोद्याच्या बाजूस बाबाशाही रुपया चाले. एका हद्दीतील नाणे दुसऱ्या हद्दीत द्यावयाचे तर सराफ ते वाजवून, तोलून, वर बट्टा कापून घेई. मातबर माणूस मोठी रक्कम हुंडीने पुढच्या शहरी पाठवी आणि थोडे रुपये कमरेच्या कशात ठेवी. गरिबाची सारी पेढी धोतराच्या कनवटीला. तेथे पैसे, ढब्बू, दिडक्या असत आणि प्रत्येक घाटावर त्यांतील एखादे नाणे सुटे. त्याला बट्टा लागत नसे, कारण ते कोणी सराफाकडे नेतच नव्हते.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. चौसष्ट पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. पावलीचे पंचवीस नवे पैसे बरोबर बसले; चवलीचे मात्र साडेबारा होऊ लागले आणि तो अर्धा पैसा कोणी सोडावा यावर दुकानांतून पुष्कळ वाद झडले. पावली पुढे चौपन्न वर्षे टिकली. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली आणि आपला सव्वा रुपया त्या दिवशी अडचणीत आला. सत्यनारायणास सव्वा, नवसास सव्वा, संकल्पास सव्वा, असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. आता सरकारी नाण्यांत सव्वा रुपया मोजून देताच येत नाही. अकरा आणि एकवीस यांनी त्याची जागा घेतली, पण त्यांत ती गोडी नाही.

आता स्वतःची हकीकत. सन २०१६ च्या कार्तिकात निघावयाचे मी ठरविले होते. दहा हजार रुपये पाचशेच्या वीस नोटांत काढून आणले आणि बंडीच्या अस्तरात शिवून घेतले. शिलाई होऊन चार दिवस झाले नाहीत तो ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्याची घोषणा झाली. एकादशी दोन दिवसांवर आली होती. दुसऱ्या दिवशी आमच्या घरी अस्तर उसवण्याचा कार्यक्रम झाला. नोटा बँकेत भरण्यासाठी मुलाच्या हवाली केल्या. रांगेत अर्धा दिवस उभा राहून मी दोन हजारांच्या दोन नव्या गुलाबी नोटा मिळविल्या. एक घरखर्चास ठेवली, एक स्वतःजवळ घेतली. शिवाय दहा-दहाच्या थोड्या नोटा होत्या.

निघण्याच्या आदल्या रात्री आईने देवघरातील पितळी डबी माझ्यापुढे ठेवली. तेव्हा तिला पंच्याऐंशी वर्षे पुरी झाली होती. दर एकादशीस ती त्या डबीत एक नाणे टाकीत असे. रुपये, दोन रुपये, पाच रुपये आणि तळाशी चार जुन्या पावल्या. ती म्हणाली, “ही माईची आहेत. कुमारिकांना दे, पाण्यात सोड. चहाला मोडू नकोस हो!” मी म्हटले, “अगं, पावल्या आता कोणी घेत नाही.” त्यावर तिचे उत्तर, “दुकानात घेत नसतील.”

१४ नोव्हेंबरला, पौर्णिमेच्या दिवशी, ओंकारेश्वरी संकल्प झाला. गुरुजींसमोर एक रुपया आणि त्यावर एक पावली ठेवली. त्यांनी ती उचलून कपाळास लावली आणि खरोखरच काही विचारले नाही.

न्हावी, पूजेचे साहित्य आणि पहिले चार दिवस यांत दहाच्या नोटा संपल्या. दक्षिण तीराने मी रावेरखेडीस पोचलो. थोरल्या बाजीराव पेशव्यांनी २८ एप्रिल १७४० रोजी येथेच देह ठेवला. समाधीचे दर्शन घेऊन पुढे निघालो तो एका गावी चहाची टपरी लागली. चहा पिऊन झाला आणि मी ती गुलाबी नोट काढली. टपरीवाला ती पाहून हसला. त्याची दिवसाची सारी विक्री तेवढी नव्हती. खिशात दोन हजार रुपये असून पाच रुपयांसाठी मी त्याच्यापुढे ओशाळा उभा होतो. कनवटीला आईची नाणी वाजत होती. खोटे कशाला सांगू, हात तिकडे गेलाही. पण तिचे शब्द आठवले आणि मी नेहमीच्या सवयीने म्हणून गेलो की परतताना देईन.

तो म्हणाला, “बाबाजी, परकम्मावासी उसी रास्ते लौटता है क्या?”

खरेच होते. मी समुद्रापाशी पलीकडच्या तीरावर जाणार, तेथून अमरकंटकास वळसा घालून ओंकारेश्वरी येणार; त्याची टपरी पुन्हा वाटेत लागणारच नव्हती. ऋण घेऊन परिक्रमा करू नये, एवढे मला ठाऊक होते. माझा चेहरा पाहून त्यानेच तोड काढली, “समंदर पर मेरे नाम से डाल देना।” मी वहीत लिहून ठेवले : चहाचे पाच, समुद्रास देणे.

ती नोट मोडली बडवाणीस. किराणा दुकानदाराने अट घातली की निदान पाचशेचा माल घ्यावा. मी पीठ आणि डाळ घेतली आणि जवळच्या अन्नक्षेत्रात पोचविली. दीड हजाराची मोड हातात आली तेव्हा श्रीमंत झाल्यासारखे वाटले.

पुढे शूलपाणीची झाडी. जुन्या प्रवासवर्णनांतून या अरण्याची मोठी दहशत आहे. तेथील भिल्ल परकम्मावासीला लंगोटीपर्यंत लुटीत आणि यात्रेकरूही त्यांना मामा म्हणून सारे स्वाधीन करीत. माईनेच वैराग्य शिकविले, अशी त्यावरची समजूत. ज्यांना आपण लुटारू म्हणत आलो त्यांच्या दारिद्र्याचा विचार त्या वर्णनांतून कमीच आढळतो. पुढे सरदार सरोवराच्या पाण्याखाली शूलपाणेश्वराचे मूळ मंदिर गेले आणि या लोकांची कितीतरी घरे व शेतेही गेली. अशाच एका डोंगरावरच्या घरी मला मक्याची भाकरी आणि मिरचीचे तिखट मिळाले. उठताना मी यजमानापुढे वीस रुपये धरले. त्याने हात मागे घेतला आणि तो काही बोलेना. मी लाजलो. दारात त्याची सहा-सात वर्षांची मुलगी उभी होती. मी आईच्या डबीतील एक रुपया काढला, कुमारिका म्हणून तिच्या हातावर ठेवला आणि वाकून नमस्कार केला. बापाच्या चेहऱ्यावर हसू आले. त्याने आतून दोन भाकऱ्या आणून माझ्या झोळीत घातल्या.

वीस रुपयांनी मी त्याच्या भाकरीची किंमत करू पाहिली होती. रुपयाने त्याच्या लेकीचा मान झाला. हा फरक मला घरी बसून कळला नसता. जेथे सारे काही मिळतच असते, तेथे घेणाऱ्यालाही काही देता यावे लागते आणि ते इतके लहान असावे लागते की देणाऱ्याने ते मोबदला समजू नये. सुट्या पैशाची खरी गरज त्यासाठी.

पौष लागता लागता विमलेश्वरी पोचलो. भरती पाहून नाव सुटली. संगमावर सर्वांनी नारळ आणि नाणी सोडली. पाच रुपयांचे पिवळे नाणे मी त्या टपरीवाल्यासाठी सोडले. त्याचे नाव विचारण्याचे राहून गेले होते, म्हणून त्याच्या गावाचे नाव घेतले. वहीतील ओळ खोडली.

पाण्यात नाणी टाकणे हा अपव्यय आहे, असे म्हणणारेही आहेत. त्यांनी एकदा घाटावर संध्याकाळी बसून पाहावे. दोरीला चुंबक बांधून मुले पाण्यात फिरवितात. हल्लीचे पोलादी रुपये आणि दोन रुपये त्याला चिकटून वर येतात. पिवळे पाच चुंबकाला लागत नाही, त्यासाठी बुडी मारावी लागते. माईला वाहिलेले पुष्कळसे असे त्याच गावच्या पोरांकडे जाते.

या कार्तिकात निघणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. हल्लीचा एक रुपया नमुन्याप्रमाणे तीन ते पावणेचार ग्रॅमच्या आसपास भरतो. शंभर रुपये बंदे घेतले तर कमरेला तीनशे ते पावणेचारशे ग्रॅमचे ओझे होते. म्हणून एकावन्न रुपये सुटे, वीसेक नाणी पाचाची आणि बाकी दहा-वीसच्या नोटा एवढे पुरे. पुढची मोड वाटेतील बाजाराच्या गावी करून घ्यावी. दहाच्या नाण्याबद्दल मध्यंतरी खोट्यानाट्या अफवा उठल्या होत्या आणि दुकानदार ते परत करीत. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने खरे असल्याचे सांगितले. तरी खेड्यात हुज्जत घालू नये, नोट द्यावी. रोज स्नान आणि घाम, म्हणून नोटा मेणकापडात गुंडाळाव्या. टपऱ्यांवर आता मोबाइलने पैसे देण्याचे चौकोनी ठिपक्यांचे कागद लागले आहेत. त्यांची सोय जरूर घ्यावी. पण डोंगरात संपर्क नसतो, आणि सात वर्षांच्या कुमारिकेपाशी तसा कागद नसतो.

माझी ती गुलाबी नोटही मे २०२३ मध्ये व्यवहारातून मागे घेण्याचे जाहीर झाले. आईच्या चार पावल्यांपैकी तीन मात्र मी परत आणल्या. त्या पुन्हा डबीच्या तळाशी गेल्या आणि आमच्या घरातून पुढे जो कोणी निघेल, त्याचा सव्वा रुपया अद्याप शिल्लक आहे.