बियांपासून बारमासी फुले : श्रावणाचा उलटा हिशेब



मराठीच्या प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानात फुलझाडांच्या बियांविषयी बोलावे, हे काही जणांस विषयांतर वाटेल. साहित्याविषयी जे सांगायचे ते मी अनेक वर्षे वर्गात सांगितले. निवृत्तीनंतर माझ्या सकाळी ज्या विषयाने व्यापल्या, त्यातील एकच प्रश्न आज आपल्यापुढे मांडतो. अनेक वर्षे जगणारे फुलझाड बियांपासून वाढविले, तर त्याला पहिल्याच वर्षी, आणि तेही आपल्याला हव्या त्या दिवसाच्या आधी, फूल कसे आणावे?

हा प्रश्न देपालपुरात पुण्या-सांगलीपेक्षा थोडा अधिक अडचणीचा आहे. त्याचे कारण पंचांगात आहे. आपण मराठी माणसे अमान्त महिने मानतो, आपले मालवी शेजारी पौर्णिमान्त. त्यामुळे आषाढी पौर्णिमा सरली की दुसऱ्याच दिवशी त्यांचा सावन सुरू होतो आणि आपला श्रावण पंधरा दिवसांनी येतो. २०२५ साली त्यांचा सावन ११ जुलैला लागला, आपला श्रावण २५ जुलैला. मंदिराचा गाभारा मात्र दोघांचा एकच. पहिल्या सोमवारी शेजारीण परडी घेऊन दारात येते आणि आपल्या वेलावर अजून कळीही नसते, असा प्रसंग येथील अनेक मराठी घरांनी अनुभवला असेल. म्हणून माळव्यात राहणाऱ्या मराठी घराने फुलांचा हिशेब आपल्या श्रावणापासून न करता शेजाऱ्यांच्या सावनापासून करावा, असे माझे मत आहे.

हिशेब उलटा करायचा. फूल कोणत्या दिवशी हवे ते आधी ठरवावे आणि तेथून मागे मोजत पेरणीच्या दिवसापर्यंत यावे. सदाफुलीला बी पेरल्यापासून पहिले फूल येण्यास साधारण तीन महिने ते शंभर दिवस लागतात. गोकर्णीला दीड ते दोन महिने पुरतात. आता पंचांग पाहा. गुढीपाडव्यापासून आषाढी पौर्णिमेपर्यंत तीन चांद्रमास आणि चौदा तिथी होतात, म्हणजे सुमारे १०२ दिवस. अक्षय्य तृतीयेपासून तीच पौर्णिमा सुमारे ७१ दिवसांवर येते. तेव्हा पाडव्याला सदाफुली आणि अक्षय्य तृतीयेला गोकर्णी पेरावी. हे अंतर इंग्रजी तारखांनी दरवर्षी हलते, तिथींनी हलत नाही. अपवाद फक्त मध्ये अधिक मास पडला तर. २०२६ हे अधिक ज्येष्ठाचे वर्ष. त्यात पाडवा ते आषाढी पौर्णिमा हे अंतर १३२ दिवसांचे होते. त्याने बिघडत काही नाही, रोप थोडे अधिक भरते, इतकेच.

युरोपातील बागवान हाच उलटा हिशेब थंडीच्या भयाने करतात. बहुवर्षायू झाडांचे बी ते जानेवारी-फेब्रुवारीतच काचघरात पेरतात, म्हणजे वसंतात बाहेर लावलेले रोप त्याच उन्हाळ्यात फुलते. आपल्याला काचघर नको, सावली हवी. ‘शब-ए-मालवा’ची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. येथील रात्रीचा हा गारवा माघात बियांना आड येतो, कारण रात्रीचे तापमान दहा अंशांच्या आसपास उतरले की उष्ण प्रदेशातील बी कुजण्याचाच संभव अधिक. चैत्रात तोच गारवा वरदान होतो. दिवसा ऊन असते, पण रात्री रोपाला विसावा मिळतो. वैशाखात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा गोकर्णीच्या वाफ्यावर तुरकाट्यांचा मांडव घालून वर जुने गोणपाट टाकावे. पूर्वेचे कोवळे ऊन येऊ द्यावे, दुपारचे अडवावे.

आता मातीविषयी. आपली काळी माती कापसाला आणि गव्हाला कितीही मानवली, तरी बारीक बियांना ती वैरीण आहे. ओली असता ती चिकटते, वाळली की भेगाळते, आणि दोन्ही अवस्थांत कोंब गुदमरतो. रोपांसाठी एक भाग गाळाची माती, एक भाग नदीची वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले खत असे मिश्रण करून गादीवाफा उंच करावा. खताचा विषय निघाला की इंदूरकरांनी थोडे थांबायला हवे, कारण कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ म्हणून जी जगभर ओळखली जाते ती येथून चाळीसेक किलोमीटरवर सिद्ध झाली. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ पासून १९३१ पर्यंत इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमध्ये हे प्रयोग केले. त्यांच्याबरोबर यशवंत वाड होते आणि १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावर दोघांचीही नावे आहेत. हॉवर्ड यांचे नाव सर्वत्र घेतले जाते, वाडांचे क्वचित. आपण तरी ते विसरू नये. पालापाचोळा, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि थोडी राख यांचे थर रचावेत, ओल राखावी, ठरावीक काळाने ढीग वरखाली करावा; तीन महिन्यांत खत तयार होते. म्हणजे दिवाळीनंतर रचलेला ढीग पाडव्याच्या कितीतरी आधी हाती येतो. हाही उलटाच हिशेब.

पेरणीत प्रत्येक बियाचा स्वभाव निराळा. गोकर्णीचे कवच कठीण असते. ते तसेच पेरले तर काही बिया आठवड्यात उगवतात, काही महिनाभर पडून राहतात. म्हणून बी पॉलिश पेपरवर किंवा खरखरीत फरशीवर हलके घासावे आणि रात्रभर कोमट पाण्यात ठेवावे. सकाळी जे फुगले ते पेरावे, जे फुगले नाही ते पुन्हा घासावे. बोटाच्या अर्ध्या पेराएवढी खोली पुरते. सदाफुलीचे बी याउलट बारीक, आणि त्याला उगवताना काळोख लागतो. पेरून वर मातीचा पातळ थर द्यावा आणि कोंब दिसेपर्यंत वाफा झाकून ठेवावा. मात्र कोंब दिसताच आच्छादन काढलेच पाहिजे. सदाफुलीला पाण्याचा अतिरेक सोसत नाही. बुडाशी बुरशी धरून रोपे एका रात्रीत आडवी होतात. झारीने सकाळी एकदा पाणी द्यावे, संध्याकाळी वाफा वरून कोरडा दिसला पाहिजे.

गुलबक्षीविषयी फार सांगायला नको. तिचे मिऱ्यासारखे काळे बी कोणीही कसेही पेरावे, ते उगवते. दोन-तीन महिन्यांत फुलते, आणि तिचा कंद जमिनीत राहून पुढील पावसाळ्यात पुन्हा फुटतो. शास्त्राच्या इतिहासात मात्र या साध्या झाडाला मान आहे. कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने १९०९ साली गुलबक्षीच्या चट्टेदार पानांवरून दाखविले, की काही गुण परागातून न येता केवळ आईकडून येतात. बी ज्या फांदीवरचे, तशी संततीची पाने.

अबोलीला घाई चालत नाही. तिचे बी उगवायलाच दोन ते चार आठवडे घेते आणि फुलाला पाच-सहा महिने लागतात. सावनासाठी तिला माघात पेरावे लागेल, आणि माघातील थंडीत ती उगवणार नाही. हा हट्ट सोडून होळीच्या सुमारास पेरली तर ज्येष्ठा गौरींच्या वेणीला ती हाती लागते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. लवकर पेरले म्हणजे लवकर फुलले, हा नियम सर्व झाडांना लागू नाही. शेवंतीचे उदाहरण घ्या. रात्री पुरेशा लांबल्याखेरीज ती कळी धरत नाही. दिवसाच्या लांबीचे फुलण्याशी असलेले हे नाते गार्नर आणि अलार्ड या अमेरिकन संशोधकांनी १९२० साली उलगडले. शेवंती पाडव्याला पेरा किंवा अक्षय्य तृतीयेला, ती कार्तिकाच्या सुमारासच रंगात येणार. गौतमपुऱ्यात हिंगोट उडतात त्या दिवसांत. लवकर पेरणीने झाड मोठे होते, फुले अधिक येतात, तारीख बदलत नाही. हॉलिहॉक, फॉक्सग्लव्ह यांसारख्या परदेशी झाडांच्या अनेक जातींना तर आधी लांबलेली थंडी लागते, तेव्हा पाकिटावरच्या रंगीत चित्राला माळव्याच्या उकाड्यात भुलू नये. पारिजातकाच्या बियाला काही वर्षे द्यावीच लागतात. आणि ज्यांना फुलांची घाई असते ते रोपाला युरिया घालतात, त्याने पानेच माजतात आणि फूल लांबते. शेंडा खुडण्याविषयीही असेच. खुडल्याने फांद्या वाढून पुढे फुले पुष्कळ येतात, पण पहिले फूल मागे पडते. सावनासाठी लावलेल्या रोपाचा शेंडा मी खुडत नाही.

मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की रोपे कायम जागी हलवावीत. गोकर्णीला मुळे दुखावलेली आवडत नाहीत. ती आरंभापासून कागदी द्रोणात किंवा पिशवीत वाढवावी आणि मातीच्या गड्ड्यासह आळ्यात ठेवावी.

आता ज्या एका मुद्द्यासाठी मी हे सारे बोलत आहे त्याकडे येतो. आपल्यापैकी कित्येक घरांतील पांढरी गोकर्णी कोणा सासुरवाशिणीने पदराच्या गाठीत बांधून आणलेली आहे. माझ्या घरची माझ्या आईने आणली. गोकर्णीचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून पांढऱ्या वेलाच्या बियांतून पांढराच वेल निघतो आणि हे वाण पिढ्यान्‌पिढ्या टिकते. सदाफुलीत तशी शाश्वती नाही; शेजारचा गुलाबी रंग तिच्यात मिसळतो. पण हे टिकणे एका अटीवर आहे. देवाला वाहिलेल्या फुलाची शेंग होत नाही. श्रद्धाळू घरांत सावनभर एकही फूल वेलावर राहत नाही, आणि आश्विनात बी शोधू जावे तर दोन-चार किडक्या शेंगा हाती येतात. अशी तीन-चार वर्षे गेली की वाण संपते, आणि पुढच्या वर्षी बाजारातले पाकीट आणले जाते. त्यातून निळी दुहेरी निघेल, सुंदरही असेल, पण ती आईची नव्हे.

यावर उपाय साधा आहे. जो वेल सर्वांआधी फुलेल त्याला सुतळी बांधावी आणि त्याचे एकही फूल तोडू नये, घरात कोणी कितीही कुरकुर केली तरी. पावसात धरलेल्या शेंगा कुजतात, त्यांचा भरवसा धरू नये. भाद्रपद-आश्विनात पाऊस ओसरल्यावर तपकिरी होतील त्या शेंगा तडकण्यापूर्वी काढाव्यात. लवकर फुलणाऱ्या वेलाचेच बी दरवर्षी राखल्याने घरच्या मिश्र बियाण्यातून लवकर फुलणारे वेल हळूहळू वरचढ होतात. सदाफुलीच्या शेंगा पिवळसर होताच उचलाव्यात, नाहीतर बी सांडून जाते. अबोलीची वाळलेली बोंडे पाणी लागताच फट्‌कन उडतात. मुलांना तो खेळ आवडतो, म्हणून बी गोळा करण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवावे, फक्त बोंडे ताटात ठेवून वर फडके घालावे. बी सावलीत आठवडाभर वाळवून कोरड्या बाटलीत थोड्या राखेसह ठेवावे, आणि चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहाव्यात : फुलाचा रंग, पेरणीची तिथी आणि पहिले फूल उमलले ती तिथी. शाळेच्या कुंपणाला पूर्वेची बाजू मोकळी आहे. तेथे दहा वेलांची जागा सहज निघेल, आणि माझ्या बाटलीतील बी मी मुख्याध्यापकांकडे आजच देऊन ठेवले आहे.