पायांवरची सूज : निचरा कोठे अडला?

बारामती-इंदापूरच्या माणसाला शरीराची रचना समजावून सांगताना मला नेहमी नीरा डावा कालवा आठवतो. या कालव्याने आपल्या मुलखात ऊस आणला. परंतु जेथे पाणी मुबलक मिळाले आणि निचऱ्याची सोय झाली नाही, तेथे चांगली काळी जमीन पाणथळ होऊन चोपण झाली. पाणी आणण्याइतकेच ते काढून नेणेही महत्त्वाचे असते. शरीराचाही नियम हाच आहे, आणि तो मोडल्याची खूण वृद्धांच्या पायांवर पुष्कळदा आधी दिसते.

मुठीएवढे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. मुख्य धमनी हा कालवा, तिच्या शाखा हे फाटे, आणि अखेरीस केसाहून बारीक अशा केशवाहिन्या. केशवाहिन्यांच्या पातळ भिंतींतून पाणी व पोषक द्रव्ये पेशींपर्यंत झिरपतात. यकृतात तयार होणारे अल्ब्युमिन हे प्रथिन पाणी रक्तात धरून ठेवते. तरीही बाहेर उरलेले पाणी लसिकावाहिन्या परत आणतात. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील दीड-दोन लिटरच लघवीवाटे बाहेर सोडतात. पायांतील रक्ताला तर चढावरून हृदयाकडे जायचे असते. चालताना पोटरीचे स्नायू नीला दाबतात आणि नीलांतील झडपा रक्ताला मागे येऊ देत नाहीत.

म्हणूनच पायांवरची सूज हा केवळ पायांचा आजार नव्हे. हृदय थकले, मूत्रपिंड मंदावले, यकृत बिघडले, झडपा सैल झाल्या किंवा माणूस दिवसभर खुर्चीत पाय सोडून बसला, तरी पाणी साचते ते घोट्यापाशीच.

काही वर्षांपूर्वी इंदापूर तालुक्यातील सत्तरी ओलांडलेल्या एक आजी सुजेसाठी माझ्याकडे आल्या. मी लघवी वाढवणारी गोळी दिली. सूज हटली नाही. तिसऱ्या खेपेस सुनेने औषधांची पिशवी टेबलावर रिकामी केली, तेव्हा गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांची रिकामी पाकिटे निघाली. आजी तीन महिने त्या रोज घेत होत्या. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले होते. गोळ्या बंद केल्यावर सूज ओसरली, मूत्रपिंडे मात्र पूर्ववत झाली नाहीत. ती पिशवी मी पहिल्याच दिवशी मागायला हवी होती.

घरच्यांनी एवढे करावे. संध्याकाळी घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरावा. खळगा राहिला, तर पाणी साचले आहे असे समजावे. मग सूज एका पायावर आहे की दोन्ही, हे पाहावे. एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, गरम लागला, तर नीलेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. तो पाय चोळू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सोबत धाप किंवा छातीत दुखणे असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दोन्ही पाय सुजले असतील, तर विचारावे : झोपताना उशा वाढवाव्या लागतात का? रात्री धाप लागून जाग येते का? दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढले का? सकाळी चेहरा सुजतो का, लघवीला फेस येतो का? यांपैकी एकाचेही उत्तर 'होय' असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.

रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिन या गोळीनेही घोटे सुजू शकतात. पण ती आपल्या मनाने बंद करू नये. शेजाऱ्याची लघवीची गोळी तर मुळीच घेऊ नये. तिने क्षार घटून चक्कर येते, आणि या वयातील एक पडणे खुब्याचे हाड मोडू शकते. दवाखान्यात येताना घरातील सर्व औषधे, काढे व चूर्णेसुद्धा, एकाच पिशवीत आणावीत.

शेतात पाणी साचले की जाणता शेतकरी चर कोठे बुजला, ते शोधत जातो. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचे पाय सुजले, तर आपणही तसेच शोधत जावे. 'वयच झाले' असे म्हणून ते सोडून देऊ नये.